टॉम, गिब आणि आमचे बिननावाचे पिल्लू

महिन्यापूर्वी आमच्या मागच्या पडवीत मांजराचे एक पिल्लू येऊन राहिले आहे. राखाडी, पोटाशी पांढरे. नातवाने फोनवरून लगेच हुकूम सोडला, "आजोबा, त्याचं नाव टॉम ठेवा." सूनबाईंचे मत 'फेलिक्स'. मी आपला महिनाभर 'ए' वर भागवतो आहे. मांजरांची बारशी आमच्याकडे हिच्याकडे असत, आणि नाव पिढ्यान् पिढ्या एकच, मनी. बोका निघाला तर मन्या. हिला जाऊन आता दीड वर्ष झाले.

मास्तरकीची खोड जात नाही, म्हणून टॉमचे मूळ शोधत बसलो. गंमत म्हणजे टॉम जन्मला तेव्हा टॉम नव्हताच! हॅना आणि बार्बेरा यांच्या १९४० सालच्या पहिल्या चित्रपटात त्याला जास्पर म्हणून हाक मारतात. टॉम हे नाव पुढच्या, १९४१ सालच्या चित्रपटात आले. आणि फेलिक्स १९१९ साली प्रथम पडद्यावर आला तेव्हा तो 'मास्टर टॉम' होता. म्हणजे नातू आणि सूनबाई एकाच नावासाठी भांडत होते म्हणायचे.

पण मुळात टॉमच का? इंग्लंडात १७६० साली एका मांजराचे 'चरित्र' निघाले, त्याचा नायक टॉम. इंग्रजीतला 'टॉमकॅट' हा शब्द त्या पुस्तकावरून रूढ झाला असे कोशकार मानतात. त्याआधी इंग्रज बोक्याला गिब म्हणत, गिल्बर्टचे हे लाडके रूप. 'हॅम्लेट'मध्ये हा गिब भेटतो. फ्रान्समध्ये रेनार कोल्ह्याच्या मध्ययुगीन कथांतले मांजर तिबेर, आणि 'रोमिओ आणि ज्युलिएट'मधला टिबाल्ट त्याचाच नावबंधू. मर्क्युशिओ त्याला मांजरांवरून चिडवतो ते म्हणून. कॉलेजात नाटक वाचले तेव्हा हा टोमणा माझ्या डोक्यावरून गेला होता, पन्नास वर्षांनी कळला. असो.

आपल्याकडेही नावांना तोटा नाही. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला लोमश बोक्याची गोष्ट सांगतात. लोमश जाळ्यात अडकलेला. मुंगूस आणि घुबडाला भिऊन पलित उंदीर त्याच्याच कुशीत शिरतो. पाश मात्र तोडतो पारधी अगदी जवळ आल्यावर, एक क्षणही आधी नाही. मग लोमश मैत्रीची आर्जवे करतो, आणि पलित बिळातूनच नको म्हणतो. लोमश म्हणजे केसाळ. किती छान नाव! पडवीत उभा राहून मोठ्याने हाक मारून पाहिली. पिल्लाने कानसुद्धा हलवला नाही.

जपानी लेखक नात्सुमे सोसेकी यांनी १९०५ साली लिहायला घेतलेल्या कादंबरीत गोष्ट सांगणारे मांजरच आहे, आणि त्याला शेवटपर्यंत नाव नाही. सोसेकींच्या घरी असेच दारात आलेले एक मांजर होते, त्यालाही कोणी नाव ठेवले नव्हते. १९०८ साली ते मेले तेव्हा त्यांनी आपल्या मंडळींना कार्डे पाठवून त्याच्या निधनाची बातमी कळवली. बिननावाच्या मांजराची!

हे वाचून मी बराच वेळ नुसता बसलो. हिच्यामागोमाग दोन महिन्यांत हिची मनीही गेली. पेरूच्या झाडाखाली पुरली. तेव्हा मी कोणालाच कळवले नव्हते. आता कळवतो आहे.

काल संध्याकाळी दूध ओतताना तोंडातून आपोआप 'मनी' निघाले, तर पिल्लू धावत आले. वास्तविक तो बोका आहे, असे जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. नातवाला अजून यातले काही बोललेलो नाही.