वकिलाशिवाय एलएलपी: नोंदणीपूर्वी सभासदांनी जाणून घ्यावे असे काही

इंदूरमधील आपल्या अनेक घरांत मसाले, केटरिंग, शिकवणी असे उद्योग दोघे-तिघे मिळून चालवतात. भागीदारी बहुधा तोंडी असते. धंदा अडचणीत आला तर घेणेकरी राहत्या घरापर्यंत पोहोचू शकतो, हे तेव्हाच कळते. मर्यादित दायित्वाची भागीदारी, म्हणजे एलएलपी, हा त्यावरचा एक उपाय. यासाठी २००८ चा स्वतंत्र कायदा आहे. भागीदार किमान दोन हवेत. भांडवलाला किमान मर्यादा नाही.

वकील करावाच लागतो का, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. नाही. मात्र अर्जातील निवेदनावर वकील, सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंट यांपैकी एका व्यावसायिकाची सही कायद्यानेच लागते. ओळखीचे सीए असतील तर एवढ्या कामासाठी त्यांना विचारावे.

बाकीचे काम कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या होते. आपले निबंधक कार्यालय ग्वाल्हेरला असले तरी तिकडे हेलपाटा नाही. आधी डिजिटल सही काढावी, मग ‘फिलिप’ फॉर्म भरावा (नाव माणसाचे वाटते, पण फॉर्मच आहे). नावाची मागणी त्यातच करता येते. पत्त्यासाठी अलीकडचे वीजबिल आणि घरमालकाची ना-हरकत लागते. घर वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचीही. भांडवल एक लाखापर्यंत असेल तर सरकारी नोंदणी शुल्क ५०० रुपये.

खरी काळजी करारात घ्यावी. तो नोंदणीनंतर ३० दिवसांत फॉर्म ३ बरोबर दाखल करायचा असतो, आणि लोक कुठून तरी आयता नमुना उचलतात. करारात जे लिहिलेले नाही तिथे कायद्याची पहिली अनुसूची लागू होते. तिच्यानुसार नफा-तोटा सर्वांचा समान, आणि काम करणाऱ्याला वेगळा मोबदला नाही. समजा, एका भावाने पैसे घातले आणि दुसरा दिवसभर दुकानात उभा राहतो. वाटा आणि पगार लिहिला नसेल, तर दोघांपैकी कोणाचे तरी मन दुखावणारच. भागीदाराला काढण्याचा अधिकारही करारात स्पष्ट नसेल तर बहुमताला मिळत नाही. मुद्रांक शुल्क राज्यागणिक वेगळे असते. पुण्याच्या मेहुण्याने सांगितलेला आकडा इथे धरू नये.

दायित्व मर्यादित असले तरी बँकेच्या कर्जाला आपण वैयक्तिक हमी दिली, तर तेवढ्यापुरते ते संरक्षण उरत नाही. फसवणुकीलाही मर्यादा लागू नाही.

दरवर्षी फॉर्म ११ ३० मेपर्यंत आणि फॉर्म ८ ३० ऑक्टोबरपर्यंत भरावा लागतो. वर्षभरात एक रुपयाचाही व्यवहार झाला नसला तरी हे चुकत नाही, आणि उशिराचे शुल्क वाढत जाते. उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेले, की लेखापरीक्षण सक्तीचे.