चेहरा, शाई आणि मॅट कागद

चकचकीत कागदावरचे छायाचित्र खिडकीसमोर टांगले, की चेहऱ्याऐवजी खिडकीच दिसू लागते! गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश आरशासारखा एका दिशेने परतवतो, तर खडबडीत पृष्ठभाग तो चहूकडे विखुरतो. म्हणूनच व्यक्तिचित्रांसाठी अनेक जण बिनचकाकीचा, म्हणजे मॅट कागद पसंत करतात. ही निवड इंकजेट छपाईयंत्राहून कितीतरी जुनी आहे.

टॅलबट यांनी १८३९ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत चांदीचे कण कागदाच्या तंतूंमध्येच राहत. चित्र मृदू दिसे, पण गडद भाग फिके वाटत. १८५० मध्ये ब्लांकार-एव्हरार यांनी कागदावर अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिला. चित्र लेपात राहिल्याने बारकावे आणि काळेपणा वाढला. मात्र त्याबरोबर चकाकी आली आणि कालांतराने लेप पिवळाही पडू लागला. १८७३ मध्ये विल्यम विलिस यांनी प्लॅटिनम वापरण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. लेप नाही, चकाकी नाही आणि धातू सहजी न गंजणारा! व्यक्तिचित्रकारांना ही पद्धत आवडली. पण पहिल्या महायुद्धाच्या काळात प्लॅटिनम दुर्मिळ व महाग झाले आणि ती मागे पडली.

इंकजेटच्या इतिहासातही हेच प्रश्न पुन्हा उभे राहिले. १९९१ मध्ये गायक व छायाचित्रकार ग्रॅहम नॅश यांनी कॅलिफोर्नियात छपाईची कार्यशाळा सुरू केली. छापखान्यातील नमुना-प्रतींसाठी बनवलेल्या आयरिस यंत्रावर तेथे जलरंगाच्या जाड कागदावर छायाचित्रे छापली जात. ती देखणी होती. परंतु पाण्यात विरघळणाऱ्या रंगांच्या त्या शाया उजेडात लवकर उडत. पुढे न विरघळणाऱ्या सूक्ष्म रंगकणांच्या शाया आल्या आणि टिकाऊपणा बराच वाढला.

आजच्या चांगल्या मॅट कागदावर बहुधा सिलिकाचा सच्छिद्र थर असतो. छिद्रे शाईतील पाणी शोषतात आणि रंगकण वरच्या थरात राहतात. तरीही विखुरलेल्या प्रकाशामुळे मॅट कागदावरचा काळा रंग साधारण २.५ टक्के प्रकाश परतवतो. चकचकीत कागदावर हे प्रमाण एका टक्क्याहूनही कमी असू शकते. म्हणून काळे केस किंवा गडद कपडे छापण्यापूर्वी लहानसा नमुना छापून पाहावा, आणि यंत्रात मॅट कागदासाठीची वेगळी काळी शाई असल्यास तीच वापरावी.

आणखी एक परीक्षा वर्गातही करता येईल. नोटा तपासण्याचा अतिनील दिवा अंधारात कागदावर धरा. (दिव्याकडे थेट पाहू नका.) कागद निळसर चमकला, तर त्यात शुभ्रता वाढवणारी रसायने आहेत. ती अतिनील किरण शोषून निळा प्रकाश देतात. पण काही वर्षांत त्यांचा प्रभाव ओसरतो आणि कागद पिवळसर दिसू लागतो. टिकवायच्या चित्रासाठी अशा रसायनांविना केलेला, आम्लरहित सुती कागद बरा.

दुकानात सर्वांत पांढरा कागद डोळ्यांत भरतो. परंतु नातवंडांना आजीचा चेहरा दिसावा असे वाटत असेल, तर जरा पिवळसर झाक असलेल्या कागदाकडेही पाहायला हवे.