मेनफ्रेमवरील फाइल एन्क्रिप्शन : साधनांची निवड

बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या मेनफ्रेमवरील डेटासेट (या यंत्रणेतील फाइल) अनधिकृत व्यक्तीला वाचता येऊ नये यासाठी योग्य साधन निवडणे. ही नोंद आयबीएमच्या झेड/ओएस प्रणालीपुरती आहे.

इतिहास : आयबीएमच्या ‘ल्युसिफर’ पद्धतीतून घडलेले डीईएस हे एन्क्रिप्शन तंत्र १९७७ मध्ये अमेरिकी मानक झाले. २००१ मध्ये एईएस हे नवे मानक आले. २००५ मध्ये डीईएस मागे घेण्यात आले.

प्रकार : (१) टेप व डिस्कमधील एन्क्रिप्शन. आयबीएमच्या टीएस११२० टेप ड्राइव्हमध्ये ही सोय २००६ मध्ये आली. वाहतुकीत टेप गहाळ झाली तर डेटा सुरक्षित राहतो. प्रणालीत लॉगिन केलेल्याला मात्र तो नेहमीसारखाच दिसतो. (२) डेटासेट एन्क्रिप्शन. झेड१४ यंत्राबरोबर २०१७ मध्ये जाहीर झाले. प्रोग्रॅम बदलावे लागत नाहीत. रॅकफ (झेड/ओएसची सुरक्षा व परवानगी प्रणाली) प्रोफाइल किंवा डेटा क्लासमध्ये (डेटासेटच्या गुणधर्मांचा साचा) की-लेबल (कीचे नाव) नोंदवले की नवा डेटासेट एन्क्रिप्ट होऊन तयार होतो. जुना जागच्या जागी बदलत नाही, त्याची नवी प्रत काढावी लागते. डेटासेट आणि की-लेबल यांच्या परवानग्या वेगळ्या असल्याने स्टोरेज ॲडमिन फाइल हलवू शकतो, तिचा बॅकअप घेऊ शकतो. आतला मजकूर त्याला वाचता येत नाही. (३) इतर यंत्रणांशी फाइलच्या देवाणघेवाणीची साधने, उदा. ओपनपीजीपी. एब्सिडिक (मेनफ्रेमची अक्षरसंकेत पद्धत) मजकूर आधी आस्कीत (इतर संगणकांवरील अक्षरसंकेत पद्धत) न बदलता एन्क्रिप्ट केला, तर पलीकडे विंडोजवर फाइल उघडते, पण अक्षरे निरर्थक दिसतात.

निवडीचे निकष : पहिला निकष एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांची (की) व्यवस्था. मास्टर की क्रिप्टो एक्सप्रेस या सुरक्षित हार्डवेअर कार्डात असते. त्या कीने बंद केलेल्या डेटा-की सीकेडीएस या की साठवण्याच्या डेटासेटमध्ये ठेवतात. प्रत्यक्ष एन्क्रिप्शन प्रोसेसरमधील सीपॅकफ ही क्रिप्टो सुविधा करते. डेटा-की कायमची पुसली गेली, तर तिने एन्क्रिप्ट केलेला डेटाही गेला. आपत्तीसाठीच्या पर्यायी केंद्रात तीच मास्टर की व सीकेडीएसची ताजी प्रत नसेल, तर बॅकअप असून नसल्यासारखा. त्यामुळे निवडीआधी तिथे एक फाइल उघडून पाहणे इष्ट. दुसरा निकष क्रम : आधी कॉम्प्रेशन, मग एन्क्रिप्शन, उलट केल्यास आकार जवळजवळ घटत नाही.

खर्च : प्रोसेसरवरील भार आयबीएमच्या झेडबीएनए साधनाने आधी अजमावता येतो.