५०४००१

पाच लाख चार हजार एक. तेलंगणातील आदिलाबाद शहराच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड; गणितात ही मूळ संख्या आहे.

पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करणाऱ्या जिल्ह्याचे, उरलेले तीन कार्यालयाचे. यात गणिती गुणधर्मांचा विचार कुठेच नाही. ५०४००१ मूळ निघाली हा निव्वळ योगायोग, आणि तोही फार दुर्मीळ म्हणता येणार नाही: या टप्प्यावर साधारण तेरा संख्यांमागे एक मूळ असते.

आधीची संख्या ५०४००० अगदी उलट स्वभावाची. तिला १ ते १० या सर्वांनी भाग जातो आणि तिचे एकूण विभाजक १६८ आहेत. म्हणूनच ५०४००१ ला २ ते १० पैकी कशानेही भागले तरी बाकी १ उरते. एवढ्याने ती मूळ ठरत नाही. तिचे वर्गमूळ ७१० हून किंचित कमी असल्याने ७०९ पर्यंतच्या १२७ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. एकानेही भाग जात नाही. ४ ने भागल्यावर बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात एकाच प्रकारे मांडता येते, हा फर्माचा सिद्धांत. इथे ती मांडणी ४१५² + ५७६² अशी होते. ५७६ हा स्वतःच २४ चा वर्ग असल्याने ती ४१५² + २४⁴ अशीही लिहिता येते. या संख्येचा सर्वांत देखणा गुण हाच. जोडमूळ सोबती (दोनच्या फरकाची मूळ संख्या) मात्र तिला नाही: ५०४००३ ला ३ ने भाग जातो आणि ५०३९९९ = १७ × २३ × १२८९.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांची रीत लावून पाहण्याजोगी आहे. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नसतील तर, अखेर ६१७४ वर थांबते. सहा अंकांत असा एकच मुक्काम नाही: काही संख्या ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, तर काही फिरतच राहतात. आदिलाबादची संख्या या तिसऱ्या गटातली. ५४१००० − ०००१४५ = ५४०८५५ अशी सुरुवात होते, दहाव्या पायरीला ८५१७४२ येते आणि तिथून सात संख्यांचे चक्र अखंड चालते. कापरेकरांच्या हर्षद संख्यांतही (अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या) ५०४००१ बसत नाही. तिच्या अंकांची बेरीज १०. ५०४००० मात्र हर्षद आहे.

२०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तरी निर्मल (५०४१०६) आणि मंचिर्याल (५०४२०८) यांच्या पिनकोडात ५०४ कायम राहिले. हे दोन्ही सम, म्हणून मूळ नव्हेत. सीमेपलीकडील नांदेडच्या ४३१६०१ ला आणि चंद्रपूरच्या ४४२४०१ ला ३ ने भाग जातो.