पानिपतचं पांघरूण

मराठी घरात जुना स्वेटर फेकला जात नसे, उसवला जाई. आधी कडेची शिवण कापायची, मग गळ्यापाशी शेवटची गाठ शोधायची. ती एकदा हाती लागली की ओळीमागून ओळ सरसर सुटत जाई. घरातल्या पोराला दोन्ही हात पुढे धरून बसवायचं आणि त्यावर लडी गुंडाळायची. मग ती कोमट पाण्यातून काढून ओलीच दांडीवर टाकायची आणि खाली तांब्या अडकवायचा, म्हणजे लोकरीचे वळसे वजनाने सरळ होतात. थोरल्याचा स्वेटर धाकट्याच्या अंगावर यायचा तो छातीवर भलत्याच रंगाचा पट्टा घेऊन, कारण कोपराशी झिजलेली लोकर कामातून गेलेली असे.

हाताने उसवलं की धागा अख्खा राहतो. यंत्राला एवढा धीर नाही, ते फाडतं. १८१३ च्या सुमारास यॉर्कशरमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजल्या, त्यात थोडी कोरी लोकर मिसळली आणि पुन्हा सूत काढलं. या मालाचं नाव ‘शॉडी’. फाडल्यामुळे तंतू आखूड होतात आणि कापड लवकर विरतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात ठेकेदारांनी सैनिकांच्या अंगावर असले गणवेश चढवले, ते थोड्याच दिवसांत फाटले आणि ‘शॉडी’ ही निकृष्ट मालाला द्यायची शिवी झाली. मला हा अन्याय वाटतो. पांघरायच्या मालाचा गणवेश शिवला तो ठेकेदाराने, बदनाम झालं कापड. यॉर्कशरचे शेतकरी तर या धंद्यातला उरलासुरला कचराही ऱ्हुबार्ब नावाच्या भाजीच्या शेतात खत म्हणून घालत.

हाच धंदा पुढे आपल्याकडे ज्या गावी रुजला, त्याचं नाव मराठी कानाला टोचतं: पानिपत.

मराठी माणूस भोसल्यांच्या पाठोपाठ दक्षिणेत तंजावर-कुंभकोणमपर्यंत गेला. तिथे पौषातही उपरण्यावर भागतं. उत्तरेकडे गेलेल्यांचं तसं झालं नाही. भाऊसाहेबांची फौज पानिपतला अडीच महिने अडकून पडली, रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ ला लढायला उतरलेले लोक उपाशी होते तसेच गारठलेलेही होते. दख्खनच्या थंडीचे कपडे तिथल्या हिवाळ्याला पुरणारे नव्हते.

फाळणीनंतर पश्चिम पंजाबातले विणकर पानिपतला येऊन वसले. विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात जुनी झालेली यंत्रं तिथे आली, आणि पाठोपाठ युरोप-अमेरिकेने टाकून दिलेल्या स्वेटर-कोटांच्या गासड्या. परवान्याशिवाय अख्खे जुने कपडे देशात आणता येत नाहीत. ते परस्पर विकले जाऊ नयेत म्हणून आधी त्यांच्यावर कात्री चालवून त्यांच्या चिंध्या कराव्या लागतात. पानिपतच्या गोदामात बायका जमिनीवर उभ्या पात्यासमोर बसतात, आपल्या विळीसमोर बसावं तशा, आणि बटणं, चेन, अस्तर, लेबल झरझर कापून काढतात. मग रंगांचे ढीग लागतात. रंगांची ही निवड म्हणजे या धंद्याची खरी अक्कल: लाल चिंध्यांतून लालच सूत निघतं, नव्याने रंगवायचा खर्च वाचतो. दातेरी रूळ चिंध्या पिंजतात, त्यात बळकटीसाठी कृत्रिम तंतू मिसळले जातात आणि जाड सूत मागावर चढतं.

त्यातून निघणारी ब्लँकेटं भूकंप-पुरानंतर जगभर वाटली जातात. अलीकडे पॉलिएस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी या धंद्याला चांगलंच जेरीला आणलंय. पॉलिएस्टर हाताला गुळगुळीत लागतं, शॉडी टोचते. थंडीत पदपथावर झोपलेल्यांना वाटायला मंडळं घेतात त्यातलं एखादं राखाडी ब्लँकेट उन्हात धरून बघा. त्यात निळा, तपकिरी, बाटलीसारखा हिरवा असे सगळे रंग असतात. मधेच एखादा लालभडक केसही निघतो, कुणाच्या तरी शाळेच्या स्वेटरचा असावा तसा.