इंडियानापोलिसच्या शर्यतीतील 'विजेता' : एका रकान्याची चिकित्सा

अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे १९११ साली सुरू झालेल्या पाचशे मैलांच्या मोटार-शर्यतीच्या नोंदींत वेगाचे आकडे दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत दिलेले आढळतात. त्यामुळे या नोंदी सर्वस्वी घड्याळावर आधारलेल्या आहेत, असा समज सहज होतो. 'विजेता' या रकान्यापुरता तरी तो बरोबर नाही, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

अडीच मैलांच्या या मार्गाला रूढीने लंबवर्तुळ म्हणतात. वास्तविक तो कोपरे गोल केलेला आयत आहे. शर्यत त्याच्या दोनशे फेऱ्यांची. पहिल्या चारही शर्यतींत विजेत्या मोटारीला सहा तासांहून अधिक वेळ लागला. विटांनी बांधलेल्या मार्गावर इतका वेळ चक्र धरणे एकट्याला जड जाई, म्हणून थकलेल्या किंवा जखमी चालकाच्या जागी बदली चालक बसविण्याची प्रथा होती. १९११ चा विजेता रे हॅरून. सरासरी वेग ताशी ७४.६०२ मैल. राल्फ मलफर्ड हाच प्रथम आला असा दावा पुढे अनेक वर्षे होत राहिला, तो येथे बाजूला ठेवू. परंतु हॅरूनच्या मोटारीच्या मधल्या तिसाहून अधिक फेऱ्या सायरस पॅट्श्के याने चालविल्या होत्या, याविषयी दुमत नाही. १९१२ मध्ये जो डॉसन याला डॉन हर याने असाच विसावा दिला. १९२५ मध्ये पीटर डीपाओलो याने ताशी १०१.१२७ मैल वेग गाठला आणि शंभर मैलांची सरासरी प्रथमच ओलांडली गेली. त्या सरासरीत नॉर्मन बॅटन याने चालविलेल्या काही फेऱ्याही मिळालेल्या आहेत. या तिन्ही वर्षी विजेता म्हणून नाव एकाचेच.

याउलट १९२४ पाहा. एल. एल. कोरम याची ड्यूझेनबर्ग मोटार आघाडीपासून दूर होती. शर्यतीच्या मध्यानंतर जो बॉयर याला तिच्यात बसविण्यात आले आणि त्याने ती प्रथम आणली. येथे मात्र दोघेही विजेते ठरले. १९४१ मध्ये मॉरी रोझ याची स्वतःची मोटार बंद पडल्यावर फ्लॉइड डेव्हिस याला ७२ फेऱ्यांनंतर उतरवून त्याची मोटार रोझला देण्यात आली. तेथेही संयुक्त विजय.

हा भेद फेऱ्यांच्या संख्येवरून पडलेला नाही. हॅरून, डॉसन व डीपाओलो आपापल्या जागी परत बसले व त्यांनीच शर्यत संपविली. कोरम व डेव्हिस परतले नाहीत. आरंभ करणारा आणि शेवट करणारा एकच असेल तर विजय त्याचा, भिन्न असतील तर दोघांचा, आणि मधल्याचा कधीच नाही, असा या नोंदींचा संकेत दिसतो. क्रिकेटच्या धावफलकात बदली खेळाडूचा झेल पुष्कळदा 'बदली' एवढ्याच शब्दाने नोंदविला जातो, त्याची येथे आठवण होते. कोरम व डेव्हिस यांनी त्या त्या शर्यतीत एकाही फेरीत आघाडी घेतली नव्हती. तरीही ते विजेते आहेत, आणि हे नियमाला धरूनच आहे. पॅट्श्केला न्याय मिळाला असे मात्र प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

बदली चालकाची प्रथा पुढे मावळली, तरी रकाना निर्वेध झाला नाही. २४ मे १९८१ रोजी बॉबी अन्सर प्रथम आला. दुसऱ्या दिवशी दंड लावून मारिओ आंद्रेत्ती विजेता ठरविण्यात आला. ऑक्टोबरमध्ये अपिलात विजय अन्सरला परत मिळाला व शिक्षा ४०,००० डॉलरांच्या दंडावर आली. मोटारी कोणत्या क्रमाने आल्या, हे या अवधीत बदललेले नव्हते.

१९३६ पासून वापरात असलेल्या बोर्ग-वॉर्नर चषकावर विजेत्यांचे मुखवटे कोरलेले आहेत. त्यांत १९२४ व १९४१ या सालांचे प्रत्येकी दोन मुखवटे आहेत. पॅट्श्के, हर व बॅटन यांचा त्यावर एकही नाही.