सोप्यातली जागा

आमच्या गावातल्या घरगुती करमणुकीची गोष्ट पोलंडच्या माणसांपासून सुरू होते. गडमुडशिंगीत सून म्हणून आले तेव्हा आजेसासूबाईंनी ती सांगितली आणि मला आधी खरीच वाटली नाही. कोल्हापूर शहर इतकं जवळ, आणि ती तर सिनेमाची पंढरी. बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला तो कोल्हापुरात, प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली उभी राहिली तीही कोल्हापुरात. मग आज्जी पोलंडचं काय घेऊन बसल्यात? पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. शहरातला सिनेमा, नाटक, खासबागेतली कुस्ती हे सगळं घराबाहेर पडून, पोरंबाळं कुणाच्या तरी गळ्यात टाकून बघायचं, आणि तेही बहुतेक गड्यांनी. चुलीपासून चार पावलांवर, घरातल्या घरात गाणं वाजू शकतं, हे आज्जींनी पहिल्यांदा पाहिलं ते वळिवड्याच्या छावणीत.

दुसरं महायुद्ध पेटल्यावर सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं घरांतून उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ नंतर सुटलेल्यांतली काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली. मुलांची एक छावणी जामनगरजवळ बालाचडीला झाली, आणि कुटुंबांची मोठी छावणी कोल्हापूर संस्थानात, आमच्या गावाशेजारी वळिवड्याला. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार माणसं राहून गेली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. लांबलचक बराकी, एकेका कुटुंबाला दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढं व्हरांडा. शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, नाटकासाठी रंगमंच होता आणि सिनेमाही दाखवला जायचा.

आज्जी तेव्हा परकरी पोर होत्या. आईच्या मागं दह्याचं गाडगं नि अंडी घेऊन छावणीच्या बाजारात जायच्या. त्यांच्या आठवणीत राहिलं होतं ते घर लावणं. "आधी खिडकीला पडदा यायचा बघ. सुईनं फुलं काढलेला. मग दारात झाडं लावायच्या. घर आपलं न्हाई, देश आपला न्हाई, तरी बी पडदा लावायच्याच." आणि एका व्हरांड्यातला फोनो. कुठून मिळवला होता कोण जाणे. तो आधी आतल्या खोलीत वाजायचा आणि आज्जी बाहेर उन्हात ऐकत उभ्या राहायच्या. काही दिवसांनी त्या घरातल्या बाईनं टेबलच ओढून व्हरांड्यात आणलं, फोनो बाहेरच्या बाजूला वळवला आणि आज्जींना पायरीवर बसायची खूण केली. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती.

मी हा प्रसंग आज्जींकडून पुन्हा पुन्हा ऐकून घेतला आहे. सायबेरियातून आलेल्या, सगळं गमावलेल्या बाईला तिच्या नव्या घरात वाजणारी पहिली वस्तू कुठं ठेवावी असं वाटलं, तर दारात. युद्ध संपलं तेव्हा त्यांचा पूर्वेकडचा मुलूख सोव्हिएत संघाकडेच गेला होता. बहुतेकींना मूळ गावी परतणं शक्य नव्हतं. छावणी रिकामी झाली आणि त्या जगभर पांगल्या. त्या छावणीतली मुलं म्हातारी होऊन २०१९ साली पुन्हा वळिवड्याला आली, तेव्हा आज्जींना बातमी मोठ्यानं वाचून दाखवली होती. फोटोतल्या एकेक चेहऱ्यावर त्यांनी बोट ठेवून पाहिलं.

बराकी फार काळ ओस राहिल्या नाहीत. फाळणीनं सिंधमधून उखडलेली माणसं तिथं आली आणि छावणीचं गांधीनगर झालं. एका बेघर समाजाची चूल विझली त्याच जागेत दुसऱ्यानं ती पेटवली. पुढं तिथं कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ उभी राहिली. आमच्या गावात लग्नाचा बस्ता गांधीनगरचा, नव्या घराचे पडदे गांधीनगरचे, आणि पंखा, मिक्सर, टेपरेकॉर्डर, टीव्ही हे सगळंही गांधीनगरचंच.

फोनो आमच्या घरात कधी आला नाही. आला तो रेडिओ. मामा, म्हणजे माझे सासरे, सांगतात की त्याआधी गावात रेडिओ ऐकायचा म्हणजे चावडीपाशी जायचं किंवा तालमीच्या कट्ट्यावर बसायचं. घरात रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे, दरवर्षी पैसे भरावे लागत. १९६३ साली सांगलीचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि आमच्या भागातली हवा-पाण्याची, शेतीची, बाजारभावाची बोलणी स्पष्ट ऐकू येऊ लागली. त्यानंतर आजेसासऱ्यांनी मनावर घेतलं. लाकडी पेटीचा मर्फी. सोप्यात खांबाशेजारी भिंतीत फळी ठोकली, त्यावर तो बसवला, वर आज्जींनी क्रोशाचा रुमाल घातला. तांब्याच्या जाळीची पट्टी एका तुळईपासून दुसरीपर्यंत ताणली. रेडिओचं तोंड मात्र माजघराकडं नव्हतं, दाराकडं होतं. त्याचं कारण मी विचारलं तर मामांना प्रश्नच कळेना. "मग काय भिंतीकडं करायचं व्हय? मानसं बाहेर बसायची की."

ती फळी माणसांच्या डोक्यापेक्षा उंच होती. मागच्या ओळीत कट्ट्यावर बसलेल्यालाही आवाज पोचावा, आणि पोरांचा हात लागू नये. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, रात्री 'आपली आवड', क्रिकेटच्या दिवसांत बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन. कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांचं गीतरामायण १९५५ साली पुण्याच्या आकाशवाणीवरून पहिल्यांदा गेलं. आमच्या सोप्यात ते पुढच्या काळात, रामनवमीच्या सुमारास लागायचं, आणि त्या वेळी रेडिओलाही हळदकुंकू लागायचं. याला कुणी भाबडेपणा म्हणेल. मला तसं वाटत नाही. ज्या वस्तूनं घरात दहा माणसं गोळा होतात तिला कुंकू लावणं मला अगदी रास्त वाटतं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्याची गोष्ट आमच्या घरात तिघांकडून तीन तऱ्हांनी ऐकायला मिळते, पण रेडिओवर तिघंही येतात. कौलं घसरली, भांडी खाली आली, माणसं अंगणात पळाली. उजाडल्यावर आजेसासरे एकटे आत गेले आणि रेडिओ काखोटीला मारून बाहेर आले. दागिन्यांची पेटी आतच राहिली. आज्जींनी त्यावर पुढं वर्षानुवर्षं बोलून घेतलं. पण नंतरच्या रात्री गल्ली अंगणात झोपली तेव्हा वाकळांच्या मधोमध तो रेडिओ होता, आणि कोयनानगरची बातमी गल्लीला त्यावरूनच कळत होती.

आता माझ्या सासूबाईंच्या पहिल्या घराकडं येते. त्यांना मी आत्या म्हणते. लग्न होऊन त्या आल्या तो एकत्र कारभार. मामांचं 'पहिलं घर' म्हणजे नवं बांधलेलं घर नव्हे. ते वाटणीतून निघालं. सोप्याच्या मधोमध कच्च्या विटांची भिंत उठली. एका बाजूला थोरले मामा, दुसऱ्या बाजूला हे. खांब मोजून वाटले, फडताळ एकाला, रेडिओ दुसऱ्याला. रेडिओ गेला पलीकडं. भावाभावांचं बोलणं बंद. अंगण आणि पाण्याचा हौद तेवढा समाईक राहिला. आत्या सांगतात, त्या अर्ध्या सोप्यात पहिल्या रात्री त्यांना झोप लागली नाही, कारण भिंतीपलीकडून आकाशवाणीचा आवाज येत होता आणि तो ऐकणं चोरीसारखं वाटत होतं.

१९८३ साली इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला, त्यानंतर देशभर लहान लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहत गेली आणि मुंबई-पुण्याबाहेरच्या माणसांनाही टीव्ही घेण्यात अर्थ दिसू लागला. २५ जानेवारी १९८७ ला रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं. त्याच वर्षी उसाचं बिल आल्यावर मामा गांधीनगरला गेले. बिलाचे पैसे पुरले नाहीत. दुकानदार सिंधी म्हातारा. तो म्हणाला, सेट घेऊन जा, उरलेलं पुढच्या बिलाला दे. कागद नाही, सही नाही. मामा त्याचं कारण असं सांगतात की वाटणी झाली हे ऐकल्यावर म्हातारा म्हणाला होता, नव्या घरात काहीतरी वाजतं पाहिजे. त्यानं स्वतः बराकीत संसार मांडला होता.

सरकत्या दाराचा, चार पायांचा, काळा-पांढरा टीव्ही बैलगाडीतून आला. ठेवायचा कुठं? सगळ्यात सोयीची जागा म्हणजे ती नवी आडभिंत: सरळ, कोरी, ओल नसलेली. मामांनी तिथंच टेबल लावलं. आत्यांनी ते हलवलं. त्या भिंतीला टीव्ही लावला तर पलीकडच्यांना नुसता आवाज जाणार, चित्र दिसणार नाही. घरात पोरं आहेत, त्यांना भिंतीला कान लावून बसवायचं? त्यांनी टीव्ही बाजूच्या भिंतीला नेला, ओल धरणाऱ्या भिंतीला, मागं पत्रा लावून. तिथून तो उघड्या दारातून समाईक अंगणात दिसत होता.

पहिल्या रविवारी थोरल्यांची पोरं आली. मग जाऊबाई, ताटलीत शेंगा घेऊन. रामायण हिंदीत, आणि त्यातली हिंदी बायकांना पुरती कळायची नाही. न कळलेलं एकमेकींना सांगत जायच्या. गल्लीतली माणसं चपला अंगणात काढून बसायची. अगदी पुढं पोरं, मग बायका, उंबऱ्यावर आणि बाहेर पुरुष. थोरले मामा मात्र हौदापाशी अंघोळीचं पाणी काढत राहायचे, साडेनऊ वाजताच. कितीतरी रविवार त्यांनी पाणीच काढलं. मग एकदा वाऱ्यानं अँटेना फिरली, पडद्यावर मुंग्या आल्या, मामा कौलांवर चढले. खालून पोरं ओरडत होती, हिकडं, तिकडं, ऱ्हाऊ दे. थोरल्यांना ते बघवेना. बादली खाली ठेवून म्हणाले, "खांबच तिरका झालाय रं. थांब, खालनं धरतो." वाटणीनंतरचं हे पहिलं वाक्य. अँटेना सरळ झाल्यावर ते उंबऱ्यावर टेकले आणि भाग संपेपर्यंत उठले नाहीत. शेताच्या बांधाचा वाद पुढंही चालला, पण तो बोलून चालला.

त्यानंतरचं लवकर सांगता येतं. गणपतीत रात्रभरासाठी भाड्यानं आणलेला व्हिडिओ, नव्वदीत केबल, घराघरांत एकेक रंगीत संच, आणि मग दारं लोटली गेली. कुणाचं कुणाशी बिनसलं नाही. फक्त कुणाला कुणाकडं जायची गरज उरली नाही. मध्ये एकदा गंमत झाली. २०१६ साली सुरू झालेल्या 'तुझ्यात जीव रंगला' या मालिकेचं चित्रीकरण आपल्या करवीर तालुक्यातल्याच वसगड्याला होऊ लागलं, आणि तिथला वाडा बघायला लांबून गाड्या भरभरून माणसं येऊ लागली. आमच्या आत्या तो सोपा, ते खांब, तो चौक टीव्हीवर बघून थक्क व्हायच्या. असली घरं पाडून गावोगावी स्लॅब पडत असताना महाराष्ट्र रोज संध्याकाळी एका जुन्या सोप्यात जाऊन बसत होता.

आमचंही घर आता स्लॅबचं झालं. विमानतळाच्या विस्तारात शिवारातली जमीन गेली, गोकुळ शिरगावची एमआयडीसी जवळच, त्यामुळं गावाभोवती प्लॉट पडत गेले. त्यातल्या एकावर कर्ज काढून आम्ही बांधलं. नवऱ्याची हौस होम थिएटरची. गिलावा व्हायच्या आधी भिंतीतून पाइप टाकून घेतले, म्हणजे पुढं तारा ओढायला भिंत फोडावी लागत नाही. घर बांधणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते. मग गांधीनगरच्या दुकानातला पोरगा माप घ्यायला आला. पाच स्पीकर, एक वूफर: बोलणं समोरच्यातून, बाकी दोन पुढं, दोन मागं. त्यानं विचारलं, मुख्य बसायची जागा कोणती? त्या एका जागेवर सगळे आवाज नेमके जुळतात, बाकीच्यांना थोडं कमी-जास्त. मी त्याला सांगितलं, आमच्याकडं अशी एक जागा नसते.

पोरगा समजूतदार होता. मागचे दोन स्पीकर कोपऱ्यात वर, माणसांच्या डोक्यावरून सगळ्या खोलीत आवाज पसरेल असे बसवले. टीव्ही किती उंचीवर, यावरही बराच वेळ गेला. सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांना बरोबर म्हणजे जाजमावर बसणाऱ्याला वर, आणि जाजमाला बरोबर केला तर दारातल्याला पुढच्यांच्या डोक्यांत अडकणार. शेवटी दारातल्याची उंची धरली. आराखड्यात टीव्हीची भिंत दाराच्या आडोशाला होती. ती आम्ही बदलून घेतली होती, आत्यांच्या सांगण्यावरून. त्यांनी चौकट बसवायच्या दिवशीच चौकटीत उभं राहून बघितलं होतं.

आवाज मात्र घुमायला लागला. फरशी, कोरा गिलावा, उंच रिकामी खोली. शब्द भिंतीवर आपटून परत यायचे. जुन्या सोप्यात हे कधी झालं नव्हतं, कारण तिथं सारवलेली जमीन होती, मातीच्या भिंती, माळ्याच्या फळ्या, कोपऱ्यात धान्याची पोती. सगळं मिळून आवाज मुरवून घ्यायचं. दुकानात त्यासाठी फोमचे महाग चौकोन मिळतात. आत्यांनी ट्रंकेतून आज्जींच्या हातच्या वाकळा काढल्या. एक टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर टांगली, एक जाजमाखाली घातली. घुमणं निम्म्याहून कमी झालं. त्या वाकळेत आज्जींच्या परकराचं एक ठिगळ आहे, असं आत्या म्हणतात. मी ते शोधून काढलं, निळ्या कापडाचं.

घरभरणीच्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर थोरल्या आत्या, म्हणजे आत्यांच्या जाऊबाई, आल्या. सोफ्यावर बसा म्हटलं तर नको म्हणाल्या. चपला काढून उंबऱ्याच्या आत, भिंतीला पाठ लावून टेकल्या आणि पाय पसरले. मालिका लागली होती, पाच स्पीकर लावून. थोडा वेळ बघितल्यावर त्यांनी हात वर केला.

"आवाज वाढीव की गं पोरी. पंख्यात काय बी कळंना झालंय."